कंपनीतल्या विविधता कार्यक्रमाचं मूल्यमापन: नेमकं काय मोजायचं?

मुळाकाठ

आर्थिक वर्ष संपत आलं की पुण्यात हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांपासून चाकण-रांजणगावच्या कारखान्यांपर्यंत एचआरला एक प्रश्न हमखास येतो. विविधता कार्यक्रमावर वर्षभर खर्च केला, त्यातून काय निघालं? बहुतेक ठिकाणी उत्तर म्हणून एकच आकडा पुढे केला जातो: एकूण मनुष्यबळात महिला किती टक्के. त्या आकड्यावर भिस्त ठेवू नये असं माझं ठाम मत आहे, म्हणून हा धागा. ज्यांना यातली जी बाजू पक्की ठाऊक आहे त्यांनी ती आपापल्या टोपणनावाखाली लिहावी. अनुभवकथन नको, पद्धत हवी.

समजा १,२०० माणसांत २६४ महिला आहेत, म्हणजे २२ टक्के. वर्षभरात देखभाल विभागाचं काम बाहेर दिलं आणि तिथले १५० पुरुष कमी झाले. आता १,०५० मध्ये त्याच २६४, म्हणजे २५ टक्क्यांहून किंचित जास्त. नवी महिला एकही आली नाही, एकीलाही बढती मिळाली नाही, तरी अहवालात तीन टक्क्यांची वाढ दिसते. उलटंही घडतं. महिला नीट टिकल्या, पण मोठी ऑर्डर आली म्हणून दीडशे पुरुष ऑपरेटर घेतले, की टक्का घसरतो आणि बरा चाललेला कार्यक्रम बंद करायची भाषा सुरू होते.

त्यामुळे माणसांची ये-जा मोजावी. आत कोण येतं, कोण टिकतं, वर कोण जातं आणि सारख्या कामाला कोणाला किती मिळतं. त्यासाठी एक शीट लागते, प्रत्येक माणसाची एक ओळ. रकाने असे: कर्मचारी क्रमांक, रुजू होण्याची तारीख, लिंग, ग्रेड, विभाग, ठिकाण, रोलचा प्रकार (कायम, ट्रेनी, कंत्राटी), मॅनेजरचा क्रमांक, शेवटच्या बढतीची तारीख, मागच्या तीन वर्षांची रेटिंग्ज, ठरलेला पगार, व्हेरिएबल (कामगिरीनुसार बदलणारा पगार), प्रसूती किंवा पालकत्व रजेच्या तारखा, सोडल्याची तारीख आणि कारण. नाव त्यात नको.

दुसरं, कार्यक्रम सुरू करण्याआधीच एका कागदावर लिहून ठेवायचं की यातून कोणता आकडा, कोणाचा, किती महिन्यांत बदलायला हवा. 'महिलांसाठी मेंटॉरिंग' एवढं लिहून भागत नाही. 'सीनियर इंजिनिअर ते लीड या पायरीवर बढतीला लागणारा महिलांचा मध्यक काळ पुरुषांइतका यावा, २४ महिन्यांत' असं लिहिलं तरच पुढे तपासता येतं. मागच्या तीन वर्षांचे आकडे सोबत जोडावेत, नाहीतर तुलना कशाशी करणार?

आकडेमोड

भरतीबद्दल लिहितो. शेवटी किती रुजू झाले हे पाहून काही कळत नाही, प्रत्येक चाळणीवर मोजायला हवं.

उदाहरणादाखल: एका पदासाठी ५६० पुरुषांचे आणि २४० महिलांचे अर्ज आले. पहिल्या चाळणीतून १४० पुरुष आणि ६० महिला पुढे गेले, दोन्हींचं प्रमाण २५ टक्के. टेक्निकल फेरीतून ७० पुरुष पुढे गेले (५० टक्के) आणि १८ महिला (३० टक्के). ३० ला ५० ने भागलं की ०.६ येतात. अमेरिकेत १९७८ पासून सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत 'चार-पंचमांश' म्हणजे ०.८ ची रेषा वापरतात. आपल्याकडे तो कायदा नाही, पण कुठली फेरी उघडून बघायची हे ठरवायला ही रेषा फार कामाची आहे. इथं अर्ज कमी येत असल्याची तक्रार निरर्थक ठरते. अडचण टेक्निकल फेरीत आहे. महिलांसाठी वेगळ्या जॉब फेअरवर खर्च केला तर त्याच फेरीत आणखी महिला गळतील, एवढंच.

आता सावधगिरी. वरच्या उदाहरणातला फरक निव्वळ योगायोगानं पडायची शक्यता शंभरात एकाच्या आसपास आहे, म्हणून तो गंभीर. तेच जर १० पैकी ५ पुरुष आणि १० पैकी ३ महिला असं असतं, तर टक्केवारी तीच, ५० आणि ३०. पण एवढ्या थोड्या माणसांत असा फरक सहज पडतो, त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. गट तिसाच्या आत असेल तर टक्के लिहूच नयेत, सरळ '१० पैकी ३' लिहावं आणि तीन वर्षं एकत्र करून पाहावं. डॅशबोर्डवर लाल-हिरवे रंग येतात तिथं हा नियम हमखास मोडतो, कारण सॉफ्टवेअर दोन माणसांचीही टक्केवारी काढून देतं.

विभागवार फोड केल्याशिवाय कुठलाच निष्कर्ष लिहू नका. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या १९७३ च्या प्रवेशांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. एकूण आकड्यांत पुरुषांना ४४ टक्के आणि महिलांना ३५ टक्के प्रवेश मिळाले होते, पण विभागवार पाहिलं तर महिलांवर तसा सरसकट अन्याय दिसेना. जिथं प्रवेश मिळणंच अवघड, अशा विभागांना महिलांचे अर्ज जास्त होते. कंपनीतही टेस्टिंग, डेव्हलपमेंट आणि सपोर्ट एकाच आकड्यात घातले की हीच फसगत होते, दोन्ही दिशांनी.

नेहमीची मोठी चूक म्हणजे अर्ज भरताना लिंग नोंदवलेलंच नसतं, ते रुजू होताना भरलं जातं. मग चाळणीचा हिशेब लागतच नाही. अर्जात ऐच्छिक रकाना ठेवा, त्यात 'सांगायचं नाही' हाही पर्याय द्या, आणि तो मुलाखत घेणाऱ्याला दिसणार नाही अशी सोय करा.

पानगळ

आकडेमोड, त्यात नाकारण्याच्या कारणांची भर घाला. नकाराचं कारण म्हणून 'कम्युनिकेशन' आणि 'कल्चर फिट' (कंपनीच्या वातावरणात बसेल का) हे दोन शेरे किती वेळा आले, कोणावर आले, हे मोजावं. पुण्यात लातूर, बीड, सोलापूर, जळगावहून आलेली, मराठी माध्यमातून डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग केलेली मुलं-मुली मोठ्या संख्येनं अर्ज करतात. 'कम्युनिकेशन'चा शेरा त्यांच्यावर जास्त बसतो का, हे शाळेच्या माध्यमाचा रकाना असल्याशिवाय कळणार नाही.

तपासायची रीत सोपी आहे. ज्या पदावर परदेशी ग्राहकाशी रोज बोलायचं नाही, तिथं इंग्रजी संभाषणाचे गुण वेगळ्या रकान्यात लिहायचे आणि निवडीच्या बेरजेत धरायचे नाहीत. सहा महिन्यांनी या निवडलेल्यांचं कामाचं रेटिंग बाकीच्यांच्या रेटिंगशी ताडून बघा. दोन्ही सारखं निघालं, तर तो शेरा त्या पदाला लागू नव्हता.

तिसरी पाळी

कारखान्याचं गणित वेगळं आहे, सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट मस्टर, म्हणजे हजेरीपट. चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात लाइनवर उभ्या असलेल्या महिलांपैकी कंपनीच्या कायम हजेरीवर किती, ठेकेदाराच्या हजेरीवर किती आणि अप्रेंटिस किंवा ट्रेनी म्हणून किती, हे तिन्ही मस्टर समोरासमोर ठेवल्याशिवाय कुठलाही आकडा मानू नये. आठ मार्चच्या फोटोत सगळ्या असतात. गळतीचा दर काढताना मात्र ट्रेनी बाहेर ठेवल्या जातात, कारण त्यांची मुदत 'संपते', त्या 'सोडत' नाहीत. त्यामुळे दोनशे मुली वर्षभर काम करून गेल्या तरी गळती शून्य दाखवता येते. यावर उपाय म्हणजे तुकडीनिहाय हिशेब. अमुक महिन्यात आलेल्या ट्रेनींपैकी १८ महिन्यांत कायम किती झाले, मुलगे किती आणि मुली किती. महिलांच्या बाबतीत कारखान्यातला कार्यक्रम खरा आहे की नाही हे सांगणारा याहून नेमका आकडा मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट, सुविधा पाहणीला घड्याळ लागतं. 'स्वच्छतागृह उपलब्ध: होय' असं चेकलिस्टवर लिहून काही साधत नाही. लाइनच्या सर्वात दूरच्या स्टेशनवरून महिलांच्या स्वच्छतागृहापर्यंत जाऊन परत यायला किती मिनिटं लागतात ते चालून मोजा. चहाची सुट्टी १० मिनिटांची आणि जाण्या-येण्यातच ७ मिनिटं जात असतील, तर त्या पाळीत बायका पाणीच कमी पितात. पुढचा प्रश्न रिलीव्हरचा. मिनिटाला एक नग निघणाऱ्या लाइनवर जागा घ्यायला माणूस नसेल तर ऑपरेटरला हलता येत नाही. दर पाळीत रिलीव्हर किती नेमले आणि प्रत्यक्षात किती हजर होते, हे उत्पादन विभागाच्या नोंदीत सापडतं. तो आकडा मागा.

तिसरी, स्टोअरचं रजिस्टर. सेफ्टी शूज ४ आणि ५ नंबरचे किती मागवले, किती आले, किती दिवस साठा शून्य होता? हातमोजे लहान मापाचे आहेत का? पायात न बसणारे बूट घालून आठ तास उभं राहावं लागलं तर पहिल्या तीन महिन्यांतच मुलगी सोडून जाते आणि कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिलं जातं. वर्कस्टेशनची उंची, जिगपर्यंत (नग पकडून ठेवणाऱ्या साधनापर्यंत) हात पोहोचतो का, उभं राहायला फळी दिली आहे का, हेही त्याच फेरीत बघावं.

चौथी, बस. राजीनामे दिलेल्या महिलांचे बस स्टॉप नकाशावर मांडा. नाशिक फाटा, भोसरी, मोशी अशा मुख्य रस्त्यावरच्या स्टॉपवर दुसरी पाळी सुटल्यावर उतरणं आणि तिथून आत दोन किलोमीटर चालत जाणं यात फार फरक आहे. राजीनामे ठराविक स्टॉपवर गोळा झालेले दिसले तर दोष त्या रूटचा असण्याची शक्यता मोठी, आणि तो बदलायला मेंटॉरिंग लागत नाही. कार्यालयं आणि आस्थापनांसाठी महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेची संमती घेऊन, सुरक्षेची आणि घरापर्यंतच्या वाहनाची सोय करूनच काम देता येतं. संमतीपत्रांची फाइल तपासताना तारखा बघाव्यात. सगळी पत्रं एकाच दिवशी, एकाच पेनानं भरलेली असतील तर ती संमती मानू नका.

दुर्वा

प्रसूती रजेनंतरचं लिहिते. सर्वात जास्त चुका इथं होतात, बहुतेक भागाकारातल्या.

२०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. सेबीच्या बीआरएसआर अहवालात (कंपनीच्या जबाबदार आणि शाश्वत कारभाराचा अहवाल, बाजारमूल्यानं पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचा) रजेवरून परतण्याचा दर आणि टिकण्याचा दर असे दोन वेगळे आकडे मागतात. परतण्याच्या दरात छेदस्थानी त्या वर्षात परतणं अपेक्षित होतं त्याच महिला हव्यात. समजा ४० जणींनी रजा घेतली, ९ जणी अजून रजेवर आहेत, उरलेल्या ३१ पैकी २८ परतल्या. दर ९० टक्के. छेदात ४० घातले तर ७० येतो. तोही चूक आणि त्यावरून होणारी घबराटही चूक.

टिकण्याचा दर मात्र मागच्या वर्षी परतलेल्यांचा काढायचा. २५ परतल्या होत्या, त्यातल्या १२ महिन्यांनी १६ उरल्या, म्हणजे ६४ टक्के. अहवालाच्या मुखपृष्ठावर ९० झळकतो आणि ६४ आत कुठंतरी कोष्टकात राहतो. रजा मंजूर करणं कायद्यानं भागच आहे. कंपनीनं स्वतःहून काय केलं ते ६४ मध्येच दिसतं.

कारण शोधायचं तर तीन ठिकाणी बघा. रजेच्या वर्षाचं रेटिंग कसं दिलं? बऱ्याच ठिकाणी सहा महिने गैरहजर म्हणून सरसकट मधलं रेटिंग देतात, बेल कर्व्ह (वरचं, मधलं, खालचं रेटिंग ठराविक प्रमाणातच वाटण्याची पद्धत) भरायला ते सोयीचं पडतं, आणि दोन वर्षांनी बढतीच्या यादीत तेच आडवं येतं. परतल्यावर सहाव्या महिन्यात तेच काम, तोच ग्रेड, तोच मॅनेजर आहे का? प्रोजेक्ट काढून घेऊन बेंचवर, म्हणजे कामाविना, बसवलेल्यांची संख्या वेगळी लिहा. तिसरं पाळणाघर. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथं ते बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ देणंही. सहा किलोमीटरवरच्या पाळणाघराशी करार केला तर कागद पूर्ण होतो, पण खराडी बायपासच्या गर्दीतून दिवसात चार फेऱ्या कोण मारणार? नोंदणी किती झाली हे न विचारता, महिन्यात मुलांचे हजर दिवस किती ते विचारा.

बाबांची रजाही यात धरा. खासगी क्षेत्रात तिच्यासाठी कायदा नाही, कंपनीचं धोरण असतं. मिळणाऱ्या दिवसांपैकी किती वापरले, हे मॅनेजरनिहाय काढलं की कोणत्या टीममध्ये रजा मागायची हिंमत होत नाही ते उघड दिसतं.

कलम कागद

तक्रारींबद्दल एक गैरसमज आधी दूर करतो. 'वर्षभरात शून्य तक्रारी' हे यश मानून स्लाइडवर टाकतात. २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती मागतो. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, एक बाहेरची सदस्य. हिंजवडी, खराडी आणि चाकण अशी तीन ठिकाणं असतील तर समित्याही तीन. चाकणच्या महिलेनं तक्रार द्यायला हिंजवडीला जायचं असेल तर शून्याचं कारण तिथंच सापडतं.

यात मोजायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. कोणतेही ५० कर्मचारी यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडा, त्यात कंत्राटी, हाउसकीपिंग आणि कॅन्टीनच्या बायका असल्याच पाहिजेत, कारण कायदा त्यांनाही लागू आहे. त्यांना विचारा: समितीतल्या एका सदस्याचं नाव सांगा, तक्रार किती दिवसांत देता येते ते सांगा. मुदत तीन महिन्यांची आहे, आणि कारण पटलं तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. पन्नासातल्या दहा जणींनाच नाव सांगता आलं तर तुमच्या शून्याला काहीच अर्थ नाही. चौकशी ९० दिवसांत आणि त्यानंतर अहवाल १० दिवसांत व्हायला हवा. किती प्रकरणं या मुदतीत बसली आणि बाहेरची सदस्य किती बैठकांना हजर होती, हे लिहा. २०२५ च्या दुरुस्तीपासून संचालक मंडळाच्या अहवालातही आलेल्या, निकाली निघालेल्या आणि ९० दिवसांपेक्षा जास्त रखडलेल्या तक्रारींची संख्या द्यावी लागते, त्यामुळे आकडे कंपनीकडे असणारच.

जागृतीचं काम नीट झालं तर पहिल्या वर्षी तक्रारी वाढतात. हे व्यवस्थापनाला आधीच लेखी कळवून ठेवा, नाहीतर त्या वाढीचा दोष समितीवर येतो. मूल्यमापन करणाऱ्यांना फक्त संख्या मिळतील. प्रकरणाची फाइल मागू नये, गोपनीयता कायद्यातच आहे.

२०१९ च्या कायद्यानुसार पारलिंगी व्यक्तींसाठी प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी हवा. तो नेमला आहे का आणि त्याचं नाव गेटवर लागलं आहे का, एवढं तरी पाहणीत घ्या.

उतरंड

दिव्यांगांबद्दल अजून कोणीच लिहिलं नाही, म्हणून.

२०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. वीस किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या खासगी कंपनीनं समान संधी धोरणात कोणती पदं, कोणत्या सुविधा हे लिहायचं असतं, संपर्क अधिकारी नेमायचा असतो आणि धोरणाची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची असते. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, तेव्हा इथल्या कंपन्यांना लांब जाण्याचंही कारण नाही.

मोजायचं काय, तर मागणी केल्यापासून सोय मिळेपर्यंतचे दिवस. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर), टेबलाची उंची, सांकेतिक भाषेचा दुभाषा, परीक्षेला जादा वेळ, प्रत्येकाची मागणीची आणि पूर्ततेची तारीख. सोय दोन महिन्यांनी मिळत असेल तर प्रोबेशनचा मोठा भाग ती व्यक्ती तिच्याविना काम करते आणि रेटिंग त्यावरून ठरतं. रॅम्पला टेप लावा. उताराचं प्रमाण १:१२, म्हणजे जोतं ४५ सेंटीमीटर असेल तर रॅम्प किमान ५.४ मीटर लांब हवा. तीन मीटरचा रॅम्प फोटोत चांगला दिसतो, पण व्हीलचेअर स्वतः ढकलत त्यावरून कोणी चढू शकत नाही. आणि कंपनीचं रजा पोर्टल, अप्रेझल फॉर्म, अंतर्गत नोकऱ्यांचं पान हे सगळं नुसत्या कीबोर्डवर, माउस न वापरता चालतं का, ते एकदा स्वतः करून बघा.

स्वतःहून दिव्यांगत्व नोंदवणाऱ्यांची संख्या वाढली तर भरती झाली असंच नाही. आधीपासून असलेल्यांना सांगावंसं वाटू लागलं, असाही अर्थ असतो, आणि ती चांगली खूण आहे. नवे आणि जुने वेगळे मोजा. शेवटचं: सगळे दिव्यांग कर्मचारी डेटा एंट्रीत आणि पाच वर्षांनी तिथंच, असं दिसलं तर भरतीच्या आकड्यावर समाधान मानू नका.

सहज चौकशी

सगळं वाचलं, उपयोगी आहे. पण भोसरीतल्या १८० माणसांच्या, शेअर बाजारात नसलेल्या कंपनीत एचआरला दोनच माणसं असतात. यातलं किमान काय करावं?

मुळाकाठ

सहज चौकशी, टक्केवारी पूर्ण सोडून द्या. पाच संख्या, तीन वर्षांच्या, हातानं लिहिलेल्या चालतील. कायम झालेल्या ट्रेनी मुली आणि मुलगे. वर्षाच्या आत सोडून गेलेले, दोघांचे वेगळे. प्रसूतीनंतर परतून वर्षभर टिकलेल्या. सुपरवायझर किंवा त्यावरच्या जागी झालेल्या बढत्या. समितीची माहिती असलेले, २० जणांना विचारून. त्याला तिसरी पाळी यांनी सांगितलेली घड्याळाची आणि स्टोअरची फेरी जोडा. शीट आधीच भरलेली असेल तर दोन दिवसांचं काम आहे.

पानगळ

सर्व्हेचं राहिलं. बहुतेक कंपन्या तयार इंग्रजी प्रश्नावली घेतात आणि शॉप फ्लोअरसाठी तिचं मराठी करून घेतात. 'मला कामाच्या ठिकाणी सर्वसमावेशकता जाणवते' याला काय उत्तर देणार? लोक पाचपैकी चारवर खूण करून मोकळे होतात. घडलेल्या गोष्टी विचाराव्यात. 'गेल्या तीन महिन्यांत मीटिंगमध्ये तुमचं बोलणं मध्येच तोडलं गेलं का, किती वेळा?' 'पाळी बदलून मागितली तेव्हा काय उत्तर मिळालं?' 'ओव्हरटाइमसाठी कोणाला बोलवायचं हे कोण ठरवतं?' मराठी प्रश्न दुसऱ्या कोणाकडून परत इंग्रजीत करून घ्या आणि मूळ अर्थ टिकतो का बघा.

निनावीपणाचं वचन सहज मोडतं. कंपनीच्या मेलवर आलेली लिंक निनावी वाटत नाही. कॅन्टीनमध्ये टॅबलेट ठेवून शेजारी सुपरवायझर उभा असेल तर उत्तरं त्याला आवडतील अशीच येतात. दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचा निकाल दाखवू नका. 'महिला, पेंट शॉप, पाच वर्षांहून जुनी' अशी फोड केली की एकच जण उरते. मोकळ्या उत्तरांतून बोलीवरून माणूस ओळखू येतो, म्हणून ती जशीच्या तशी वर पाठवू नयेत. अप्रेझलची पत्रं वाटल्यावर लगेच किंवा महिला दिनाच्या आठवड्यात सर्व्हे घेतला तर आकडा त्या आठवड्याचा येतो, वर्षाचा नाही. आणि उत्तरं न देणारे कोण, हे विभागवार बघाच. ज्या विभागातून ३० टक्केच उत्तरं आली, तिथलं मौन हाच एक निष्कर्ष आहे.

आकडेमोड

पगाराचं थोडक्यात. दोन आकडे द्यायला हवेत. एक, सगळ्या महिलांचा मध्यक पगार भागिले सगळ्या पुरुषांचा. दोन, प्रत्येक ग्रेडमध्ये तोच भागाकार. ग्रेडमध्ये ९८ टक्के आणि एकूण ७१ असं निघालं की कंपनी ९८ पुढे करते. पण महिला खालच्या ग्रेडमध्ये अडकून राहणं हाच तर प्रश्न होता, ग्रेड स्थिर धरून तो हिशेबातून काढून टाकला जातो. ७१ ही बढतीची गोष्ट, ९८ ही पगार ठरवण्याची. दोन्ही छापा. मागच्या कंपनीच्या पगारावर इतके टक्के वाढ या पद्धतीनं ऑफर दिली जात असेल तर जुनी तफावत नव्या नोकरीत तशीच उतरते. रुजू होतानाच्या पगाराचा रकाना वेगळा ठेवला तरच ते दिसतं.

उतरंड

जातीचं काय? २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. सारख्याच पात्रतेचे अर्ज, फक्त आडनावं वेगळी, वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना पाठवले होते. दलित आणि मुस्लिम नावांना प्रतिसाद कमी आला. पुण्यात आडनावावरून माणूस ओळखणं किती सहज होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एवढं असून खासगी कंपन्यांचा विविधता कार्यक्रम लिंगावर सुरू होतो आणि तिथंच संपतो. जे मोजलं जात नाही ते सुधारणार कसं? ऐच्छिक रकाना हवाच.

कलम कागद

उतरंड, हेतूशी सहमत, रकान्याशी नाही. वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्याची चौकट अशी की माहिती कशासाठी घेतली ते सांगावं लागतं आणि तेवढ्यापुरतीच वापरावी लागते. पण कायद्याआधी साधी भीती आहे. तीनशे माणसांच्या कंपनीत ती फाइल एकदा मॅनेजरच्या हाती लागली की परत घेता येत नाही. माहिती न घेता प्रक्रिया तपासता येते. पहिल्या चाळणीत नाव, आडनाव, फोटो आणि कॉलेज झाका, सहा महिने आधीच्या निवडीशी ताडा. रेफरलमधून आलेल्यांचा वाटा किती ते बघा. ओळखीतून भरती होते तिथं ओळखीचेच येतात.

उतरंड

नावं झाकून चाळणी सुधारेल, बढतीत काय झाकणार? बाहेरच्या संस्थेकडे माहिती ठेवून कंपनीला फक्त बेरजा देता येतात. मोठ्या कंपन्यांना तरी हे जमण्यासारखं आहे. इथं आपलं एकमत होणार नाही, पण अहवालात 'जातीबाबत काही मोजलेलं नाही' हे वाक्य तरी स्पष्ट लिहिलं जावं.

कलम कागद

त्या वाक्याला माझी पूर्ण संमती.

दुर्वा

प्रशिक्षणावर शेवटी बोलायलाच हवं, कारण बजेटचा मोठा वाटा तिकडे जातो आणि '९६ टक्के उपस्थिती' हे यश म्हणून येतं. कालेव्ह, डॉबिन आणि केली या संशोधकांनी २००६ मध्ये ७०८ अमेरिकी कंपन्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. नुसत्या प्रशिक्षणानं व्यवस्थापनातला महिलांचा आणि कृष्णवर्णीयांचा वाटा फारसा हलला नव्हता. जिथं नेमक्या माणसाकडे किंवा समितीकडे जबाबदारी दिली होती, तिथं जास्त फरक दिसला. तो अभ्यास तिकडचा असला तरी इथं प्रश्न तोच विचारता येतो: हा आकडा हलला नाही तर उत्तर कोण देणार?

प्रशिक्षणाचा परिणाम बघायचा असेल तर सगळीकडे एकदम सुरू करू नका. आधी खराडी, सहा महिन्यांनी हिंजवडी. कोण आधी हे चिठ्ठी टाकून ठरवा. समजा खराडीत बढत्यांमधला महिलांचा वाटा १४ वरून १९ टक्क्यांवर गेला. पण हिंजवडीत, प्रशिक्षण न देताही, १३ वरून १६ झाला. म्हणजे कार्यक्रमाच्या खात्यावर फार तर दोन टक्के, पाच नव्हेत. मधल्या काळात खराडीचे मॅनेजर हिंजवडीला बदलून गेले तर तुलना बिघडते, बदल्यांची नोंद ठेवा.

सहज चौकशी

एक शेवटची शंका. आकडे नेमके कधी काढायचे? ३१ मार्चला, की अप्रेझल पूर्ण झाल्यावर?

मुळाकाठ

३१ मार्चच्या स्थितीचे, आणि एप्रिलच्या पहिल्या दहा दिवसांत. जून-जुलैमध्ये बढत्यांची पत्रं निघतात आणि अनेक ठिकाणी ती १ एप्रिलपासून लागू असतात. काही सिस्टीममध्ये नवा ग्रेड जुन्यावर लिहिला जातो आणि कोण कोणत्या ग्रेडवरून वर गेलं हेच पुसलं जातं. दिलेल्या राजीनाम्यांचंही तसंच, नोटीस पिरियडमधली माणसं जुलैत यादीतून गायब झालेली असतात. म्हणून एप्रिलमध्ये पूर्ण शीट उतरवून घ्या, फाइलच्या नावात तारीख घाला, पासवर्ड दोघांकडेच ठेवा, आणि अप्रेझलनंतर दुसरी प्रत काढून पहिलीशी ओळीला ओळ लावा. कर्मचारी क्रमांक बहुतेकदा बदलतो तो एका वेळी: कंत्राटावरून किंवा ट्रेनीवरून कायम होताना. तो जुना क्रमांक नव्या ओळीत लिहून ठेवला नाही तर तिसरी पाळी यांनी सांगितलेला तुकडीचा हिशेब पुढच्या वर्षी लागणार नाही.